पावसाळा आणि पायडल : नाशिकच्या सिडकोतल्या सहा सायकलींच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

या पावसाळ्यात सायकलीचं, त्यातही पायडलचं, काय आणि कसं झिजतं ते लिहून ठेवायचं आहे. त्यासाठी सहा सायकली नक्की झाल्या. अट एकच ठेवली होती, सायकल पोटापाण्यासाठी चालली पाहिजे. रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन, मिसळ खाऊन परतणाऱ्या सायकली यात नकोत. त्यांचे मालक त्यांना तान्ह्या पोरासारखं पुसून-पासून ठेवतात. मला हव्यात त्या कंपनीच्या गेटबाहेर उघड्यावर भिजणाऱ्या.

सायकलीच्या बाबतीत नाशिकचं नाव मोठं आहे. इथल्या महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली, ती सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. त्यानंतर गावात महागड्या सायकली खूप आल्या, चांगलंच झालं. पण सकाळी साडेसहाला त्रिमूर्ती चौकात उभं राहिलं की पहिल्या पाळीला अंबडच्या कारखान्यांकडे निघालेल्या सायकली दिसतात. त्यांचं काय झिजतं, कधी झिजतं, हे कोणी कुठे लिहून ठेवत नाही. सगळी नोकरी कंपनीच्या क्वालिटी खात्यात काढल्यामुळे मला लिहून ठेवायची खोड आहे, म्हणून हा उद्योग.

सायकली अशा: वॉचमन मामांची काळी, २८ इंची, रॉड ब्रेकची (अंबडच्या एका गोडाऊनवर रात्रपाळी). पवननगरहून इंदिरानगरला स्वयंपाकाला जाणाऱ्या ताईंची लेडीज सायकल. सातपूरला सीएनसी यंत्रावर काम करणाऱ्या मुलाची गिअरवाली. पेपर टाकणाऱ्या पोराची, तिचा मूळ रंग कोणता होता हे आता सांगता येत नाही. गल्लीतल्या आयटीआयच्या विद्यार्थ्याची. सहावी माझी.

३ जून, मंगळवार

मिस्त्रींच्या दुकानात सगळ्यांची पायडलं तपासली. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर लटकलेले टायर आणि आत एक व्हाइस (वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा). तरी हा माणूस कान लावून कुठला छर्रा (बेअरिंगमधली गोळी) फुटलाय ते सांगतो.

तीन जाती निघाल्या. मामांचं जुन्या पद्धतीचं: लोखंडी सांगाडा, दोन रबरं, रबरातून जाणारे लांब बोल्ट, टोकाला टोपण. टोपण काढलं की चेकनट, वॉशर, कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट) आणि मग छर्रे. रबर झिजलं तर फक्त रबर बदला, छर्रा गेला तर फक्त छर्रा.

दुसरी जात प्लॅस्टिकची, ताई, पेपरवाला आणि आयटीआयवाला या तिघांकडे. यातल्या दोन जोड्यांना टोपण आहे, ते निघतं. ताईंच्या पायडलला मात्र उघडायला जागाच नाही. कारखान्यात बंद केलं ते बंद. आत छर्रे आहेत की एक्सल नुसता प्लॅस्टिकवर फिरतोय, तेही बाहेरून कळत नाही. मिस्त्री म्हणाले, "फिरतंय तोवर फिरवायचं, मग फेकायचं." दीड-दोनशे रुपयांत नवी जोडी मिळते.

तिसरी जात सीएनसीवाल्याची आणि माझी: ॲल्युमिनियमची बॉडी. त्याच्यात सील्ड बेअरिंग, माझ्यात सुटे छर्रे.

पायडलमध्ये बहुतेक ५/३२ इंची छर्रे असतात, जेमतेम चार मिलिमीटरचे. मागच्या हबात (चाकाच्या मध्यात) आणि बीबीत (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल फिरतो ती जागा) पाव इंची. क्रँक म्हणजे पायडल ज्याला लागतं तो दांडा. म्हणजे सायकलस्वार उभा राहून जोर लावतो तेव्हा त्याचं सगळं वजन सायकलीतल्या अगदी लहान छर्ऱ्यांवर येतं. आणि पायडल खाली येतं तेव्हा ते रस्त्यापासून वीतभरही उंच नसतं. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट तिथेच जातं.

८ जून, रविवार

पायडल तपासायची रिग बनवायचा विचार होता. एक गिअर मोटर, लटकवलेलं वजन, काउंटर, आणि पायडल मरेपर्यंत फिरवायचं. आयटीआयवाल्या पोराने उत्साहाने स्केचही काढून आणलं.

सायकलींसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात पायडलची टिकाऊपणाची चाचणी साधारण अशीच असते: पायडलला स्प्रिंगने वजन टांगायचं आणि मिनिटाला १०० पेक्षा जास्त होणार नाहीत अशा वेगाने १,००,००० फेरे द्यायचे. पूर्ण वेगाने चालवलं तर पावणेसतरा तासांत काम उरकतं.

आता मामांच्या सायकलीवर हिशेब केला. पुढे ४४ दाते, मागे १८, चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. एक लाख फेरे म्हणजे ५४० किलोमीटर. मामांचं जाऊन-येऊन १२ किलोमीटर, म्हणजे ४५ पाळ्या. उतारावर पाय थांबतात तेवढे दिवस वाढवा, तरी दोन महिन्यांच्या आत मानकातले फेरे मामांनी पायाने पूर्ण केलेले असतात.

मानकाला नावं ठेवायची नाहीत. ती चाचणी पायडल भाराखाली मोडतं का ते बघते. एक्सल तुटून माणूस ट्रकखाली जाऊ नये यासाठी ती हवीच. पण तिच्यात पाऊस नाही, अंबडच्या रस्त्यांवरचा काळा चिखल नाही, आणि आठ तास भिजत उभं राहणं नाही. आमचा प्रश्न नेमका तो आहे. रिग रद्द. पोरगा थोडा हिरमुसला. त्याला टोपणांचे व्यास मोजायला बसवलं.

२२ जून, रविवार

पाऊस लागला आहे. तीन सायकलींच्या पुढच्या मडगार्डला खाली रबरी पट्टी लावली, जुन्या टायर-ट्यूबमधून कापलेली. रस्त्यापासून चार बोटं वर येईल एवढी लांब, दोन बोल्टवर. कंपनीकडून येणारं मडगार्ड पायडलच्या बऱ्याच वर संपतं, त्यामुळे चाकाचा फवारा थेट बीबी, चेन आणि पायडलवर बसतो. उरलेल्या तीन तशाच ठेवल्या, तुलनेसाठी. खर्च बोल्टांचा, बाकी फुकट.

मामांच्या सायकलीला पट्टी लावायची होती पण ते ड्युटीवरून सुटून थेट गावाला गेले. त्यामुळे त्यांची बिनपट्टीवाल्यांत.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी साडेसातला मामा दारात. सायकल हाताने ढकलत आणलेली, डावं पायडल पिशवीत. उपास आणि वर ही पायपीट. चहा दिला, मग ऐकलं.

दोन आठवड्यांपासून डावं पायडल कुरकुरत होतं. मग गेल्या आठवड्यात आवाज आपोआप बंद झाला, म्हणून त्यांना बरं वाटलं. खरं दुखणं तिथेच होतं. टोपण कधीतरी पडून गेलेलं, त्या भोकातून पाणी आत, ग्रीस बाहेर. छर्रे गंजले आणि एकमेकांना चिकटले. आवाज बंद झाला कारण छर्रे फिरायचेच थांबले. पायडल एक्सलवर जाम. रात्री गरवारे पॉइंटजवळ ते क्रँकमधून निसटलं.

आयटीआयवाल्याने अगदी बरोबर प्रश्न विचारला: "काका, डाव्या पायडलला उलटे आटे असतात ते सुटू नये म्हणूनच ना? मग सुटलं कसं?"

उत्तर फळ्यावर काढून दाखवावं लागलं. आट्यांत केसभर फट राहतेच. पाऊल सतत खाली दाबतं आणि क्रँक गोल फिरतो, त्यामुळे दाबाची जागा भोकाच्या कडेने सरकत राहते. एक्सल त्या भोकात गडगडत अगदी हळूहळू दाबाच्या उलट दिशेला वळतो. उजवीकडे हे वळणं सुलटे आटे आवळतं, डावीकडे ते सुलटे आटे सोडवेल, म्हणून डावीकडे उलटे. इथवर सगळं पुस्तकातलं. पण हा हिशेब धरतो तो पायडल मोकळं फिरतंय असं. पायडल जाम झालं की पावलाखालची बॉडी एक्सललाच धरून पिळते, आणि या पिळाची दिशा बरोबर विरुद्ध, म्हणजे दोन्ही बाजूंना सोडवणारी. गडगडण्याने जे मिळतं त्यापेक्षा हा पीळ फार मोठा. ज्या आट्यांनी राखण करायची ते त्याच्यापुढे टिकत नाहीत.

त्यात मामांनी ते सैल पायडल तसंच शेवटचं अंतर रेटलं. दोन-तीन आट्यांवर सगळं वजन आलं आणि क्रँकचे आटे सोलून निघाले. छर्रे आणि ग्रीस यांना मिळून जो खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट आता क्रँकला. रात्रपाळीचा माणूस, रस्त्यात एकटा, अडीच किलोमीटर पायी. याची किंमत कुठल्या रकान्यात लिहू?

८ जुलै, मंगळवार

मामांचा डावा क्रँक बदलला. काळ्या सायकलीचं एक बरं आहे, क्रँक पोलादी आणि कॉटरवर (एक्सलला अडकवणाऱ्या पाचरीवर) बसवलेला. कॉटर ठोकून काढा, नुसता डावा क्रँक घ्या, नवा कॉटर बसवा. मिस्त्रींनी कॉटरचा सपाट भाग कानशीने दोनदा घासून जुळवला. हातोडा मारताना खाली लोखंडी ठोकळ्याचा आधार दिला, नाहीतर सगळा मार बीबीच्या वाट्यांवर जातो. कॉटर ठोकूनच बसवायचा. नट त्याला धरून ठेवण्यापुरता. नटाने ओढून बसवायला गेलं की आटे जातात, आणि महिन्याभरात दर फेऱ्याला 'टक' ऐकू येतं.

हेच सीएनसीवाल्याच्या ॲल्युमिनियम क्रँकचं झालं असतं तर भोक मोठं करून आत पोलादी बुश बसवावा लागला असता. अंबडला लेथवाले खंडीभर, पण ९/१६ इंचाचा, इंचाला २० आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार), तोही डावा, ही वस्तू सहजासहजी कोणाकडे नसते.

२० जुलै, रविवार

ग्रीस. यावर मिस्त्रींचं आणि माझं वाजलं.

मी कंपनीत लिथियम ग्रीस पाहिलेलं, त्यामुळे माझा कल तिकडे. मिस्त्री ट्रकच्या चेसिसला लावतात ते स्वस्त ग्रीस वापरतात. विचार करता त्यांचंच बरोबर निघालं. चेसिस ग्रीस साधारणपणे कॅल्शियमचं असतं. उष्णता त्याला फार सोसत नाही, शंभर अंशांच्या आसपास ते पातळ होतं, लिथियमचं त्याच्या पुढे बरंच टिकतं. पण सायकलचं पायडल गरम होतंच कुठे? आपल्याला लढायचंय पाण्याशी, आणि कॅल्शियमचं ग्रीस पाण्याने सहज धुऊन जात नाही. सगळ्या उघडणाऱ्या पायडलांत चेसिस ग्रीस भरलं. छर्रे ग्रीसमध्येच चिकटवून बसवायचे म्हणजे सांडत नाहीत. कोन इतपतच आवळायचा की एक्सल हलू नये आणि बोटाने फिरवताना खरखरही लागू नये.

आट्यांनाही ग्रीस लावलं. ॲल्युमिनियम क्रँकमध्ये पोलादी एक्सल कोरडा बसवला तर दोन पावसाळ्यांत ते दोघे असे चिकटतात की पंधराच्या पान्याला पाइप लावूनही हलत नाहीत.

३ ऑगस्ट, रविवार

चेन मोजल्या. नव्या चेनची प्रत्येक कडी अर्धा इंच, २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. पट्टी लावून शेवटची पिन १/१६ इंच पुढे गेलेली दिसली की चेन बदलावी. १/८ पुढे गेली तर चेनने दातेही खाल्लेले असतात. पेपरवाल्याची त्याच्याही पुढे. तो चेनला गॅरेजमधलं जुनं इंजिन ऑइल लावतो, फुकट मिळतं म्हणून. त्यात लोखंडाची बारीक पूड असते. तेल कसलं, पॉलिश पेपरच तो. चेन आणि फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) दोन्ही गेले.

बाकी: माझ्या मागच्या चाकाची एक तार वाकावर तुटली. तारा ढिल्या राहिल्या की प्रत्येक फेऱ्याला वाकतात आणि थकून तुटतात. सगळ्या आवळल्या.

१७ ऑगस्ट, रविवार

ताईंच्या सायकलीकडे मी एवढे दिवस छर्ऱ्यांच्याच नजरेने बघत होतो. त्यांची तक्रार वेगळीच. "दादा, फिरतं ते नीट, पण पाय सटकतो हो."

पायडल पाहिलं. वरचे दाते झिजून प्लॅस्टिक गुळगुळीत झालेलं. पावसात रबरी चप्पल, वर साडी, कॅरिअरला डब्यांची पिशवी. सिग्नलला थांबून पुन्हा निघताना पाऊल घसरतं आणि पायडलची कड नडगीला लागते. नडगीवरच्या खुणा त्यांनी दाखवल्या. ऑनलाइन मिळणाऱ्या लोखंडी खिळ्यांच्या पायडलांना पकड उत्तम, पण ती जाड तळाच्या बुटांसाठी. चपलेतून ती तळव्याला टोचतात, आणि घसरली तर नडगी सोलून काढतात.

मामांच्या सायकलीवर असतात तशी रबराची जोडी बसवली. जड आहे, दिसायला जुनाट आहे. ताईंनी चक्कर मारली आणि परत उतरल्या त्या पैसे किती विचारतच. म्हणजे पसंत.

माझ्या तक्त्यात 'पकड' हा रकानाच नव्हता. आजपासून घातला. पायडलच्या आयुष्यात रबर झिजणंही धरायचं, नुसतं बेअरिंग नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. सीएनसीवाल्याची सायकल गुलालाने माखलेली, म्हणून तो ती मोटारसायकल धुतात त्या सेंटरवर घेऊन गेला. प्रेशरचा फवारा पायडल, हब, बीबी सगळीकडे. चकचकीत करून आणली.

सील्ड बेअरिंगचं रबरी ओठ असलेलं सील पावसाच्या पाण्यासाठी असतं. जवळून मारलेल्या जेटसाठी नव्हे. पाणी आत घुसतं आणि मग त्याच सीलमुळे बाहेर येत नाही. सुट्या छर्ऱ्यांचं पायडल निदान उघडून पुसता येतं. आज हाताने फिरवलं तर काही जाणवलं नाही. नोंद करून ठेवतो. त्याला बादली आणि फडकं वापरायला सांगितलं. तो हसला, कारण बादलीभर पाण्यासाठीसुद्धा त्याच्या बिल्डिंगमध्ये नंबर लागतो.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

हत्यारांची पूजा, म्हणून मिस्त्रींनी दुकान बंद ठेवलं. तरी आम्हाला बसू दिलं, पूजेच्या आधी. सगळी पायडलं उघडली.

पट्टी लावलेल्या तिन्ही सायकली (ताई, आयटीआय, माझी): ताईंच्या रबरी जोडीत ग्रीस अजून पिवळं, पण ती ऑगस्टमध्ये बसवलेली, तेव्हा तिच्यावरून फार बोलू नये. आयटीआयवाल्याच्या आणि माझ्या पायडलात ग्रीस काळपट, तरी छर्रे चकचकीत.

बिनपट्टीच्या तीन: पेपरवाल्याचं एक टोपण गायब, त्या बाजूच्या छर्ऱ्यांवर तांबूस ठिपके आणि कोनवर खड्डे पडायला सुरुवात. दुसऱ्या बाजूचं टोपण शाबूत, आत सगळं ठीक. एकच सायकल, एकच पोरगा, एकच पाऊस. फरक फक्त टोपणाचा. मामांच्या जुलैत भरलेल्या पायडलांत ग्रीस बरंच धुऊन गेलेलं, पण गंज नाही. सीएनसीवाल्याचं डावं पायडल फिरवताना आता बारीक खरखर लागते. बेअरिंग बदलता येईल, नंबर कोरलेला आहे.

सहा सायकलींवरून कोणी नियम काढू नये, मीही काढत नाही. पण आमच्या सहांत भाराने एकही पायडल गेलं नाही. जे बिघडलं ते टोकाच्या त्या भोकातून किंवा आत मुद्दाम मारलेल्या पाण्याने.

मग झेंडूची माळ व्हाइसला, हळदकुंकू पान्यांना. आयटीआयवाल्याने मापं घ्यायच्या व्हर्नियरलाही लावलं, ते मी लगेच पुसलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

मिस्त्रींशी हिशेबाला बसलो. माझं म्हणणं: रोज सायकल चालवणाऱ्याने उघडता येणारंच पायडल घ्यावं, थोडं महाग पडलं तरी. पावसाळ्याआधी एकदा आणि श्रावणात एकदा ग्रीस भरावं.

त्यांचं उत्तर: "साहेब, गिऱ्हाईक पायडल उघडायला येत नाही. पायडल पडलं की येतं. छर्रे काढून धुऊन भरायला माझा पाऊण तास जातो. त्याचे शंभर मागितले तर तो म्हणतो, दीडशेत नवीन येतं की."

याला माझ्याकडे तोडगा नव्हता. पाऊण तासाची मजुरी आणि नवी जोडी यांच्या किमती इतक्या जवळ आल्यात की दुरुस्ती करणाराच वेडा ठरतो. तरी त्यांच्या हिशेबात मामांची ती अडीच किलोमीटरची पायपीट नाही. क्रँकही नाही. मी म्हटलं, निदान टोपण तरी बघा. पंक्चरला आलेल्या सायकलीचं टोपण नसेल तर तिथेच लावून द्यायचं, हवा भरताना.

ते त्यांना पटलं. आता प्रश्न टोपणं कुठून आणायची, कारण सुटी कोणी विकत नाही. टाकून दिलेल्या पायडलांची टोपणं काढून ठेवायला सुरुवात केली आहे, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. आयटीआयवाल्याच्या यादीप्रमाणे चार मापं पुरेशी होतात. ताईंच्या जुन्या पायडलसारख्या न उघडणाऱ्या जातीला टोपणाचा प्रश्नच नाही.

मामांच्या सायकलीला पट्टी पुढच्या रविवारी. यावेळी त्यांना आदल्या दिवशीच फोन करायचा.